वाफ मोरीत नको, हंड्यात सोडा

माझ्या पोटात आजवर इतक्या चादरी उकळून निघाल्या आहेत, की त्या एकीला एक जोडल्या तर अख्ख्या गावाला पांघरूण होईल. मित्रांनो, मी एका लॉन्ड्रीतला जुना तांब्याचा हंडा आहे. बुडाशी काळा, काठाला पोचे आलेला आणि एका कडीकडे किंचित कललेला.

मला एका तांबटाने घडवलं. साध्या पत्र्याचा हंडा होईपर्यंत मी इतका मार खाल्ला, की आता कोणी मला लाथ मारली तरी मला ती शाबासकी वाटते. तांबटाची बायको शेजारी बसून भाजी निवडायची. "अहो, जरा हळू ठोका, कान किटले," ती म्हणायची. "हळू ठोकून घडलेला हंडा अजून कोणी पाहिलेला नाही," असं म्हणून तो आणखी एक दणका द्यायचा.

तिथून मला ताईने आणलं. ही लॉन्ड्री तिच्या यजमानांनी सुरू केली होती. ते अकाली गेले तेव्हा ती आता लॉन्ड्री विकून टाकणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं. ताईने कंबर कसली आणि लॉन्ड्री विकण्याऐवजी मला विकत घेतलं.

माझी जागा कोळशाच्या भट्टीवर होती. समोरच्या इस्पितळाच्या चादरी, दोन हॉटेलांचे टेबलक्लॉथ, वसतिगृहाच्या उशांचे अभ्रे, सगळं माझ्या पाण्यात उकळायचं. इस्पितळाच्या मोठ्या नर्सबाई एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्या चादरींना कसलाच वास येत नाही. यापेक्षा मोठी तारीफ मला करता येत नाही." त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर उकळलो.

हळूहळू शहरातल्या इतर लॉन्ड्रीवाल्याही ताईला विचारायला येऊ लागल्या. साबण कोणता घ्यावा, कोळसा कुठून आणावा, कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी देऊ नये. ताई "चांगलं आहे" म्हणाली की त्या डोळे मिटून ते विकत घ्यायच्या. तिचा शब्द धुतल्या तांदळासारखा होता.

घराच्या वरच्या मजल्यावर ताईची नणंद राहायची. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. ताई तिला 'वन्सं' म्हणायची आणि ती ताईला 'वहिनी'. कुठल्या दोरीवर कोणाचे कपडे वाळत घालायचे यावरून दोघी रोज भांडायच्या आणि रोज एकत्रच चहा प्यायच्या.

आणि होता ताईचा धाकटा भाऊ. आई लहानपणीच गेल्यामुळे ताईनेच त्याला वाढवलं होतं. त्याच्या हातात गुण होता. कपडे पिळायचं यंत्र इतकं जड फिरायचं की बायकांची मनगटं संध्याकाळपर्यंत भरून यायची. त्याने भंगारातलं एक चाक आणून बसवलं आणि यंत्र एका हाताने फिरू लागलं. तेव्हापासून आमचे इस्त्रीवाले काका त्याला कौतुकाने 'शोधकराव' म्हणू लागले, आणि पुढे सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं.

भट्टीच्या धुराने ताईला खोकला जडला होता. बोलता बोलता ती भिंतीला टेकायची. एकदा तो खोकला ऐकून शोधकराव हातातलं काम ठेवून उभा राहिला. "ताई, ही भट्टी मी बंद करून दाखवतो," तो म्हणाला. मित्रांनो, पुढे जे झालं त्याची सुरुवात इथे आहे. लोभापायी त्याने काही केलं नाही. बहिणीच्या खोकल्यापायी केलं, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

पुष्कळ महिने तो दिसला नाही. मग एका सकाळी हातगाडीवर एक खोकं घेऊन आला. ट्रंकेएवढं, करड्या रंगाचं, सगळीकडून खिळे मारून बंद केलेलं. त्याने वायर भिंतीत खोचली, एका नळीने खोक्यात पाणी सोडलं, आणि दुसरी रबरी नळी खिडकीबाहेर मोरीत नेऊन टाकली. थोड्या वेळाने मोरीतून वाफेचा असा लोट उठला, की वाळत घातलेले कपडे दिसेनासे झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आत एक पूड आहे," शोधकराव म्हणाला. "कसली, ते विचारायचं नाही. ही पूड विजेचा एक वाटा घेते आणि उष्णतेचे सहा वाटे देते."

"सहा?" ताईचे डोळे मोठे झाले. "मग ही भट्टी?"

"पाडून टाकायची. आणि हा हंडा भंगारात."

हे ऐकलं तेव्हाही माझ्या पोटात इस्पितळाच्या चादरी उकळत होत्या.

ताईने मात्र भावाच्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्यात तिची नणंद कॉलेजला जायला जिना उतरून आली. तिने वाफ पाहिली, खोकं पाहिलं, आणि विचारलं, "ती नळी कुठे जाते?"

"मोरीत. दिसतंय ना? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"कांकण सोन्याचं आहे की मुलाम्याचं, हे आरसा सांगत नाही. त्याला कसोटीचा दगड लागतो," ती म्हणाली. "थोड्या पाण्याची वाफसुद्धा केवढी मोठी दिसते. ती मोरीत सोडली की किती उष्णता झाली हे कोणाला कळणार?"

शोधकराव हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. ती गेल्यावर तो ताईला म्हणाला, "तुझी नणंद मला पहिल्यापासून पाण्यात पाहते."

पुढच्या खेपेला तो नवा कोट घालून आला. काखेत छापील पत्रकांचा गठ्ठा होता. खोकी बनायला अजून अवकाश होता, पण त्याआधी गावं वाटून द्यायची, असा त्याचा बेत होता. एका गावासाठी एक एजंट. एजंटाने आधी पैसे भरायचे आणि शेजारच्या गावासाठी आणखी एजंट आणायचा. खोकं मागाहून येईल.

चहाच्या वेळी ताईची नणंदही तिथे होती. तिने शांतपणे विचारलं, "आतापर्यंत किती जण हे यंत्र वापरतायत?"

"एक मोठा कारखाना वापरतोय. नाव सांगायचं नाही असा करार आहे."

"बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?"

"बिघडतच नाही."

"म्हणजे अजून कोणी वापरलेलं नाही," ती म्हणाली. इस्त्रीवाल्या काकांना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

शोधकरावाने कप खाली ठेवला. "बाई, परीक्षा घेणं हे तुमचं काम. तुमच्या वर्गात घ्या. माझी परीक्षा बाजार घेईल. लोक समाधानी असले की झालं."

"बाजारात तू यंत्र विकतोस कुठे? तू गावं विकतोयस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

मग तो ताईकडे वळला. "ताई, मला तुझ्याकडून पैसा नको. फक्त शहरातल्या सगळ्या लॉन्ड्रीवाल्यांना बोलाव आणि सांग, मी वापरलंय, चांगलं आहे. तू म्हणालीस की त्या एका पायावर तयार होतील."

ताईने बशीतला चहा निवू दिला. तिच्यासमोर एका बाजूला हातांवर वाढवलेला भाऊ होता आणि दुसऱ्या बाजूला तिच्या शब्दावर घरातली पुंजी बाहेर काढणाऱ्या बायका. शेवटी ती म्हणाली, "सांगेन. पण मी अजून वापरलेलं नाही रे. वाफ बघितली आहे फक्त. आधी वापरू दे."

"कसं वापरणार?"

उत्तर नणंदेने दिलं. "वाफ मोरीत नको, या हंड्यात सोडू. हंड्यातलंच पाणी खोक्यात जाऊ दे आणि परत हंड्यातच येऊ दे. बाहेर काही सांडायचं नाही. मग हंडा रिकामा करू, तेवढंच गार पाणी भरू, आणि साधा पाणी तापवायचा हीटर लावू. दोघांना वीज मीटरवर बघून सारखीच द्यायची. तुझं खोकं सहापट देत असेल, तर हंड्यात हात घालणं सोड, जवळ उभंही राहवणार नाही."

"सरळ सांगा ना, मला पाण्यात बघायचंय तुम्हाला!"

"पाण्यातच बघायचंय," ती म्हणाली, "हंड्यातल्या."

यावर मात्र तोही हसला. आणि तयार झाला. त्याला भीती नव्हती, मित्रांनो. ज्याला आपण फसवतोय हे ठाऊक असतं, तो अशी पैज घेत नाही. त्याचा त्या पुडीवर मनापासून विश्वास होता.

रविवारी लॉन्ड्री बंद असते, तेव्हा माझी भट्टी विझवून मला पूर्ण गार केलं. आधी खोकं लावलं. पाणी माझ्यातून निघून खोक्यात गेलं, गरम होऊन परत आलं, पुन्हा गेलं. मला ऊब येत गेली. एखाद्या हिवाळी सकाळी दुलईत शिरल्यासारखी. मी वाट बघत होतो, की आता उकळी फुटेल. ती फुटली नाही. ठरलेली वीज संपली. ताईच्या नणंदेने थर्मामीटर घातला, आणि तो शोधकरावाच्या हातात देऊन म्हणाली, "तूच वाच."

मग मला रिकामं केलं. गार पाण्याने भरलं. बाजारात कोणालाही मिळतो तसा साधा हीटर माझ्यात सोडला. पुन्हा तीच ऊब, तेवढीच. डोळे बांधून मला कोणी विचारलं असतं, की आता कोण तापवतंय, तर मला सांगता आलं नसतं.

शोधकरावाने दुसऱ्यांदा थर्मामीटर वाचला, पुसला आणि परत वाचला. खोलीत कोणी हसलं नाही. काकासुद्धा नाहीत.

"पूड नवी आहे," तो म्हणाला. "तिला मुरायला वेळ लागतो."

"लागू दे," ताई म्हणाली. "मुरली की परत हंड्यात सोडू. तोवर गावं वाटू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने माझ्याखाली भट्टी पेटवली. तो दारातून बघत होता. "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"तुझ्यावर आहे. खोक्यावर नाही."

"दोन्ही एकच आहे."

"ते एक झालंय, तिथेच तर सगळं अडलंय रे," ताई म्हणाली. धूर तिच्या तोंडावर आला आणि तिला खोकला लागला. तो खोकला थांबेपर्यंतही शोधकराव उभा राहिला नाही. खोकं हातगाडीवर घालून निघून गेला.

काही महिन्यांनी इस्त्रीवाले काका शेजारच्या शहरातून एक पत्रक घेऊन आले. त्यावर माझं चित्र होतं! वाफेच्या लोटाशेजारी उभा मी, माझी वाकडी कडीसुद्धा स्पष्ट दिसत होती. खाली ठळक अक्षरात छापलं होतं, की शहरातल्या नामांकित लॉन्ड्रीत या यंत्राची चाचणी घेण्यात आली. पुढे ताईच्या लॉन्ड्रीचं नाव. आणि येत्या शनिवारी तिथल्या सभागृहात एजंट नेमण्याची सभा.

"खोटं काहीच लिहिलेलं नाही," काका म्हणाले. "चाचणी झाली हे खरंच आहे. काय निघालं तेवढं छापायला जागा उरली नसेल. तोंडाची वाफ काय नि यंत्राची काय, दवडायची ती मोरीतच."

ताई त्या दिवशी जेवली नाही. नणंद तिच्याजवळ येऊन बसली. "वहिनी, हवं तर मी जाऊन सांगते."

"नको. तुम्ही सांगितलंत तर तो म्हणेल, नणंद आहे, वैर काढते. मीच जाते." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आणि याला गाडीत घाला. चित्रात आहे, तर प्रत्यक्षातही असू दे."

अशा रीतीने लॉन्ड्रीत आल्यापासून मी पहिल्यांदा प्रवास केला. मळक्या चादरींऐवजी गाडीत मी एकटा होतो. सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या. बहुतेक साधी माणसं, बऱ्याचशा लॉन्ड्रीवाल्याच, हातात पिशव्या घट्ट धरून बसलेल्या. मंचावर खोकं होतं आणि नळी पडद्यामागे गेली होती. दोघांनी मला उचलून मधल्या वाटेत ठेवलं, तेव्हा लोक पत्रकाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघू लागले.

शोधकरावाने बहिणीला पाहिलं. "ताई," तो अगदी हळू म्हणाला, "घरी बोलू या."

"घरी बोलून झालं," ताई म्हणाली आणि लोकांकडे वळली. तिला भाषण येत नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलावं तशी ती बोलली. "ही लॉन्ड्री माझी. हा हंडा माझा. चाचणी झाली ती माझ्यासमोर. खोक्याने पाणी तापलं. साध्या हीटरनेही तेवढंच तापलं. हे पत्रकात नाही, म्हणून सांगायला आले."

"म्हणजे यंत्र खोटं आहे?" मागून कोणीतरी विचारलं.

"खोटं आहे असं मी म्हणत नाही. खरं आहे असं अजून कोणी दाखवलेलं नाही. हंडा आणलाय. ती नळी पडद्यामागून काढा आणि यात सोडा. मी चुकीची ठरले तर इथेच सगळ्यांसमोर त्याची माफी मागेन."

सगळे शोधकरावाकडे बघू लागले. त्याने नळीला हात लावला नाही.

एक माणूस ताडकन उठला. "सख्ख्या भावाचं चांगलं बघवत नाही का हो बाई तुम्हाला?"

ताई त्या माणसाकडे वळली. "त्याचं चांगलं व्हावं म्हणूनच आले," एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की लोकांनी तिचं ऐकलं आणि सगळं छान झालं. तसं झालं नाही. काही जणी पिशव्या उचलून तिच्यामागोमाग बाहेर पडल्या. बरेच जण तिथेच बसून राहिले. परतीच्या वाटेवर ताई गाडीत पुढे न बसता मागे, माझ्याशेजारी बसली. तिचा हात माझ्या काठावर होता. बराच वेळ तो तसाच होता.

पुढे खोकी उशिरा आली. आणि ती म्हणजे महागातले हीटरच निघाले. एजंट शोधकरावाच्या दारात जाऊन बसू लागले. तो पळून गेला नाही, हे मात्र खरं. त्याने आपलं वर्कशॉप विकलं, ज्यांचे देता आले त्यांचे पैसे दिले, आणि दूरच्या एका शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. ताईने निरोप पाठवले. उत्तर आलं नाही.

माझेही दिवस फिरले. लॉन्ड्रीत गॅसचा बॉयलर आला, भट्टी पाडली, ताईचा खोकला कमी झाला. मला मागच्या अंगणात ठेवलं. कोणी घासेना, कोणी भरेना. माझ्यावर हिरवा कळंक चढला. चिमण्या काठावर बसून आत डोकावायच्या आणि पाणी नाही असं पाहून उडून जायच्या. एकेकाळी ज्याची चित्रं छापली गेली, त्याच्यात आता सुकी पानं साठत होती. मी तक्रार केली नाही. धूर गेला हे मलाही बरंच वाटत होतं.

मग एक दिवस ताईची नणंद, आता केस पुरते पांढरे झालेली, कोणालाही न सांगता बसमध्ये बसली. शोधकराव जिथे काम करायचा त्या इमारतीत जाऊन लिफ्टच्या दारात उभी राहिली. तिथे काय झालं ते तिने नंतर ताईला अंगणात बसून सांगितलं, म्हणून मला कळलं.

तिला बघून तो म्हणाला, "आता काय राहिलंय विचारायचं?"

"घरी कधी येणार, एवढंच," ती म्हणाली. "मला तुझं यंत्र पटलं नव्हतं. तू नकोस असं मी कधी म्हटलं होतं?"

तो दुसऱ्या आठवड्यात आला. मागच्या दाराने आला, अंगणातून. ताई चादरी वाळत घालत होती. तिने त्याला पाहिलं, तोंडातला चिमटा काढला आणि म्हणाली, "जेवलास का?"

"नाही."

"मग हे टोक धर. एवढी चादर घालू आणि जेवू."

दोघांनी मिळून चादर झटकली. मागे काय झालं, कोण चुकलं, यातलं एक अक्षर त्या दिवशी कोणी काढलं नाही. जेवताना मात्र ताईने त्याला पोळी वाढायची थांबवलीच नाही, असं काका सांगत होते.

तो राहिला. कामाला लागला. त्याच्या लक्षात आलं की सकाळी बॉयलरने तापवलेलं पाणी दुपारपर्यंत गार होतं आणि मग पुन्हा गॅस जाळावा लागतो. त्याने मला उचलून आत नेलं, आतून बाहेरून घासलं, लाकडाचं जाड झाकण केलं, आणि इस्पितळाच्या टाकाऊ घोंगड्या थरावर थर गुंडाळून मला एक अंगरखा शिवला. मी त्यात इतका विचित्र दिसत होतो, की काका म्हणाले, "हंड्याला सर्दी झाली वाटतं." सकाळी मला गरम पाण्याने भरलं. दुपारी ताईने झाकण उघडून हात घातला आणि तिचा चेहरा फुलला.

"अरे, छान गरम आहे की! फारच छान! मी आजच सगळ्या लॉन्ड्रीवाल्यांना सांगते..."

"थांब, ताई," शोधकराव म्हणाला. "आधी मोजू. आणि मी नाही मोजणार. बाईंना बोलाव."

ताईची नणंद चष्मा पुसत खाली आली. तिने एक दिवस अंगरखा घालून मोजलं, एक दिवस काढून मोजलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. गॅस वाचत होता. सहापट वगैरे नाही. थोडासाच. पण प्रत्येक वेळी वाचत होता. हे तिने सांगितलं तेव्हा शोधकराव ओट्यावर बसला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आज शहरातल्या कितीतरी लॉन्ड्र्यांत माझ्यासारखे घोंगडी पांघरलेले हंडे आहेत. त्यासाठी कोणी कुठलं गाव विकलं नाही. ज्याला हवं त्याने येऊन बघावं, हात घालावा आणि शिवून घ्यावं.

मित्रांनो, कोणी नवं काही घडवून तुमच्यासमोर आणलं तर त्याचं कौतुक जरूर करा. पण त्यातलं पाणी कुठून येतं आणि वाफ कुठे जाते, हेही जाऊन बघा. तुमचं माणूस असेल तर आधी बघा. विचारल्याचा राग येऊन ते निघून गेलं, तर त्याच्यासाठी मागचं दार उघडं ठेवा. आणि एक विनंती माझी, माझ्यासारख्यांसाठी. घरातलं जुनं भांडं भंगारात देण्याआधी एकदा ते पाण्याने भरून बघा. गळत नसेल, तर राहू द्या.